टॉकीजपासून बावन्न पावलं

गावाचा नगराध्यक्ष कोण, हे सांगायला लोकांना क्षणभर आठवावं लागे. पाणी कोण सोडतं, हे मात्र शेंबडं पोरही सांगायचं. नगरपालिकेच्या हजेरीपटावर ते ‘व्हॉल्व्हमन’ होते, गावाच्या तोंडी पाणीकाका. उंच, काटकुळा देह, खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी आणि लांब लांब टांगा टाकत चालणं. पहाटे पाचला पंपहाऊसपासून निघायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि नऊ फेरे द्यायचे, की वरची आळी जागी व्हायची. मग शाळेची गल्ली, मग बाजारपेठ. चौतीस वर्षं गावाच्या आंघोळी, धुणी आणि भांडणं या माणसाच्या मनगटावर चालली.

कुणाच्या घरी कार्य असलं आणि जादा पाणी हवं असलं तर नगरपालिकेत अर्ज करावा लागे. काकांचा त्यावर फार कटाक्ष. ‘अर्ज दाखवा,’ म्हणजे दाखवा, मग मागणारा सख्खा मेहुणा का असेना. मयताला मात्र अर्ज लागत नसे. ज्या गल्लीत माणूस गेलेलं असेल तिथे त्या दिवशी वीस मिनिटं पाणी जास्त यायचं. कुणी मागितलेलं नसायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, “घरात माणसं जमतात. भांडी पडतात.”

निवृत्त झाले आणि दोन वर्षं घरात बसून काकूंच्या शिलाई मशीनची खटखट ऐकण्यात गेली. काकू घरीच कपडे शिवायच्या, अजूनही शिवतात. घरभर चिंध्या, खडू आणि गळ्यात माप घ्यायची टेप. काका अधूनमधून बटणं लावून देत आणि ती वाकडी लागली म्हणून बोलणी खात. अशाच एका सकाळी नगरपालिकेची नवी इंजिनिअर दारात उभी राहिली. वय असेल त्यांच्या लेकीएवढं. गावाची जुनी पाइपलाइन काढून नवी टाकायचं काम तिच्याकडे आलं होतं.

“काका, सगळे म्हणतात की गावाचा नकाशा तुमच्या डोक्यात आहे,” ती म्हणाली. “तेवढा मला काढून द्या.”

कागदावरचा नकाशा होता एकेकाळी. कचेरीच्या कपाटात त्याची गुंडाळी वाळवीने इतक्या मन लावून खाल्ली होती की उरलं ते नुसतं नगरपालिकेच्या शिक्क्याचं वर्तुळ. रोज फिरवायचे व्हॉल्व्ह सगळ्यांना माहीत होते, त्यांची झाकणं रस्त्यात डोळ्यांना दिसत. पण जुन्या लाइनवर आणखी एकोणीस व्हॉल्व्ह होते, दहा-पंधरा वर्षांत एखाद्या वेळी लागणारे. त्यांच्यावर डांबराचे थरावर थर चढून ते कधीच गडप झाले होते. काका त्यांना ‘झोपलेले’ म्हणत. ते बंद केल्याशिवाय जुनी लाइन तुकड्यातुकड्याने तोडता येणार नव्हती. ते सापडले नाहीत तर अख्ख्या गावाचं पाणी आठवडाभर बंद ठेवावं लागलं असतं.

“एकोणीसच ना?” काका म्हणाले. “एकोणीसच्या एकोणीस पाठ आहेत. आज दात घासतानाच म्हटले.”

इंजिनिअर हसली. तिला ती थट्टा वाटली. काका रोज सकाळी खरोखरच ते एकोणीस व्हॉल्व्ह ओळीने म्हणत आणि त्याचं कारण त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नव्हतं.

कारण त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. दादा शाळेत हेडक्लार्क, हिशेबाला चोख, अक्षर मोत्यासारखं. साठी ओलांडल्यावर त्याला आधी गावातल्या गल्ल्या चुकायला लागल्या. पानाच्या दुकानात म्हणून जायचा आणि भलत्याच आळीतून परतायचा. घरच्यांनी हसण्यावारी नेलं. मग एके दुपारी काका त्याच्याकडे बसलेले असताना वहिनी चहा घेऊन आली, तर दादाने अदबीने उठून तिला विचारलं, “बाई, तुम्ही कोणाकडे आलात?” वहिनी एक क्षण थांबली आणि म्हणाली, “तुमच्याकडेच. बसू का?” दादाने तिला खुर्ची दिली. काकांच्या हातातला चहा तसाच निवून गेला. दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आपलंही तसंच होणार ही भीती तेव्हापासून काकांच्या पोटात ठाण मांडून बसली होती. सकाळची ती उजळणी म्हणजे त्या भीतीवर त्यांनी शोधलेला घरगुती उपाय होता.

काम सुरू झालं आणि पहिला आठवडा काकांचा अगदी दिवाणासारखा गेला. कपाटातला नोकरीतला शर्ट बाहेर आला, काकूंनी त्याची कॉलर उलटवून दिली. काका पुढे, इंजिनिअर वही घेऊन मागे, तिच्या मागे पहार-फावडी घेतलेली चार माणसं आणि त्यांचा मुकादम. व्हॉल्व्ह दाखवता दाखवता काका गावच दाखवत सुटले. “ही बँक दिसते ना, ही बेकरी होती. भट्टीची भिंत अजून आत आहे, म्हणून मॅनेजर कायम घामेजलेला असतो. बँकेच्या पायरीपासून पाच पावलं.” खणलं की व्हॉल्व्ह. “हा जिना घड्याळवाल्याचा. स्वतःचं घड्याळ कधी वापरलं नाही पठ्ठ्याने, मी झाकण वाजवलं की पाच वाजले धरायचा. जिन्यापासून सहा पावलं, गटाराकडे तोंड करून. आणि हा उलटा आहे बरं का, डावीकडे फिरवला की बंद होतो. बसवणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं.” खणलं, तर व्हॉल्व्ह होता आणि उलटाच होता. मुकादमाने कपाळाला हात लावून सलाम केला.

इंजिनिअर आधी फक्त आकडे लिहीत होती. तिसऱ्या दिवसापासून ती बेकरी आणि घड्याळवालाही लिहायला लागली. तिचं गाव कुठलं, तिथे काय होतं, हे काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “वडिलांची बदली दर तीन वर्षांनी व्हायची, काका. मला एकाही गावात काय होतं ते माहीत नाही.” काकांना तिची दया आली. त्या दिवशी त्यांनी तिला दोन गल्ल्या जास्त दाखवल्या.

सहा झोपलेले सापडले. सातवा टॉकीजपाशी होता.

टॉकीज आता नव्हतं. त्या जागी औषधांचं मोठं दुकान झालं होतं, चार शटरचं. काका तिसऱ्या शटरपुढे उभे राहिले. इथे तिकिटाची खिडकी होती. इथूनच ते आणि काकू लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमाची तिकिटं घेऊन आत गेले होते आणि मध्यंतरात बाजारपेठेची लाइन फुटल्याचा निरोप आल्यामुळे काका चावी आणायला पळाले होते. सिनेमाचा शेवट काकूंनी त्यांना घरी येऊन सांगितला. तर, खिडकीपासून बावन्न पावलं, रस्त्याच्या डाव्या कडेने. काकांनी पावलं मोजली, टाचेने खूण केली. माणसांनी खणलं. माती लागली, दगड लागले, एक चिनी मातीचा फुटका कप निघाला. व्हॉल्व्ह नव्हता. खड्डा दोन्हीकडे हातभर वाढवला. तरी नव्हता.

तोवर बघे जमले होते. गावात खड्डा खणला जातोय आणि त्यावर आपलं मत नाही, असं आजवर कुणाचं झालेलं नाही. न्हावी म्हणाला, खिडकी तिसऱ्या नाही, दुसऱ्या शटरपाशी होती. शिंपी म्हणाला, खिडकी रस्त्याकडे नव्हतीच, बोळात होती. टॉकीजात बॅटरी दाखवायचं काम केलेला एक म्हातारा शपथेवर सांगू लागला की खिडक्या दोन होत्या. पाच माणसांची सहा मतं झाली. इंजिनिअरने लोखंड शोधायचं यंत्र मागवलं, ते पावला-पावलाला कुंई कुंई करायला लागलं. टॉकीजपुढच्या त्या रस्त्यात चाळीस वर्षांची सोड्याच्या बाटल्यांची झाकणं पुरलेली होती.

काका एका बाजूला उभे होते. न्हाव्याशी वाद घालायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकी तिसऱ्या शटरपाशी होती हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि दादालाही सगळं पक्कंच माहीत असायचं.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीच्या फाटकापासून अडतीस पावलं. खड्डा रिकामा. त्याच्या पुढच्या दिवशी शाळेच्या घंटेच्या खांबापासून चौसष्ट पावलं. खांब तर अजून जागेवर होता, त्यावर वाद घालायलाही जागा नव्हती. काकांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चौसष्टावं पाऊल एकाच ठिकाणी पडलं. खड्डा रिकामा. पोरांना घ्यायला आलेल्या आया कडेने जपून चालत होत्या आणि मधूनच काकांकडे बघत होत्या.

“होतं काका असं,” मुकादम हळूच म्हणाला. “वय झालं की होतं.”

त्याने थट्टा केली असती तर काकांनी त्याला सोलून काढला असता. पण तो मायेने बोलला होता. इंजिनिअरनेही वही मिटली आणि म्हणाली, “काका, चार दिवस थांबू या आपण. तुम्ही विश्रांती घ्या. मी वरच्या साहेबांशी बोलते.” ते काय बोलणं होणार, हे काकांना समजत होतं. गावाचं पाणी आठवडाभर बंद. आणि गाव म्हणणार, म्हाताऱ्याच्या डोक्याचं भजं झालं.

पाच वाजता ते घरी आले, चपला न काढताच खुर्चीत बसले. काकूंनी पुढे ठेवलेला चहा त्यांनी घेतला नाही. काकूंनी मशीन थांबवलं.

“तिसराही रिकामा?”

“रिकामा.” काकांनी चहाची कपबशी बाजूला सरकवली. “तुला एक सांगतो. लेकीला इतक्यात फोन करू नकोस. माझं दादासारखं होतंय.”

काकूंनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. काका बोलायला लागले आणि मग थांबले नाहीत. सकाळची उजळणी, इतक्या वर्षांची भीती, सगळं बाहेर आलं. “गाव हलायला लागलंय गं डोक्यातलं. खिडकी कुठे होती, वखार कुठे होती. आज खिडकी गेली. उद्या...” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. काकूंना ते कळलं, कारण त्या दुपारच्या चहाची गोष्ट वहिनीने त्यांनाही सांगितली होती.

काकूंनी डोळे पुसले नाहीत की धीरही दिला नाही. गिऱ्हाईक ‘कपडा बसत नाही’ म्हणून आलं की त्या जसं विचारत, तसं विचारलं.

“नेमकं काय चुकलं ते सांगा. शाळेच्या खांबापासून किती?”

“चौसष्ट पावलं.”

“पावलं? टेपने नाही?”

“आमच्या वेळी कसली टेप? जुन्या फिटरने हाताला धरून गावभर फिरवलं आणि मोज म्हणाला. चोविसाव्या वर्षी मोजलंय सगळं. आकडा चुकलेला नाही माझा.”

“आकडा नसेल चुकला,” काकू म्हणाल्या. “माप कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? माझंच.”

“चोविसाव्या वर्षीच्या तुमचं,” काकू म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. काका दुखावून बघत राहिले. इथे माणूस बुडतोय आणि ही खिदळतेय. “अहो, लग्नातली विजार आज घातलीत तर बसेल का तुम्हाला? पाऊल आखडलंय तुमचं. तेव्हा तुम्ही चालायचात ते काय चालणं होतं?”

“काहीतरीच. चालतो तसाच चालतो मी.”

“बरं. मग असं एक ठिकाण सांगा, जिथली दोन्ही टोकं अजून जागेवर आहेत आणि मधली पावलं तुम्हाला पाठ आहेत.”

काकांनी डोळे मिटले. पंपहाऊसचा दरवाजा ते मोठा व्हॉल्व्ह. जुन्या फिटरने पहिल्याच दिवशी ते अंतर त्यांच्याकडून दहा वेळा चालून घेतलं होतं. साठ पावलं. नंतर कधी मोजायची वेळ आली नाही, कारण तो व्हॉल्व्ह दरवाजातूनच दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पंपहाऊसला गेले. काकूंच्या गळ्यात टेप तशीच होती. काका दरवाजाच्या उंबऱ्याला टाच लावून उभे राहिले आणि चालायला लागले. नेहमीसारखे, मुद्दाम लांब नाही की आखूड नाही. ओठ हलत होते. चाळीस. पन्नास. साठावं पाऊल टाकून ते थांबले. मोठा व्हॉल्व्ह अजून बराच पुढे होता, लोखंडी कठड्याच्या आत, हिरव्या रंगाचा, कुठेही न हललेला. काका बघत राहिले. मग उरलेलं अंतर चालत गेले. अठ्ठ्याहत्तर.

कठड्याला हात टेकून ते उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आपले पाय म्हातारे झाले याचा इतका आनंद कुणाला झाला असेल असं वाटत नाही. डोकं शाबूत होतं. खिडकी तिसऱ्या शटरपाशीच होती, न्हावी खोटारडा होता, वखारीचं फाटक होतं तिथेच होतं, सगळं गाव जागच्या जागी होतं. कमी पडले होते ते फक्त पाय. काकू बाजूला येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने पदर पुढे केला.

इंजिनिअरला फोन गेला, ती धावत आली. तिने मोठी टेप लावली. जवळजवळ सत्तेचाळीस मीटर. तिने वहीत भागाकार केला, दोनदा तपासला आणि कपाळावर हात मारून घेतला. “काका, जवळचे सगळे सापडले आणि लांबचे सगळे चुकले. मी इंजिनिअर आहे आणि मला हे दिसलं नाही. तेव्हाचं तुमचं एक पाऊल अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. आता साठ.”

“मला विचारायचं होतंस,” काकू म्हणाल्या. “माझा जन्म मापं घेण्यात गेला.”

टॉकीजपाशी तिसऱ्या शटरपासून टेप धरली. खूण आधीच्या खड्ड्याच्या नऊ मीटर पुढे पडली, रसवाल्याच्या गाडीखाली. रसवाल्याने कुरकुर करत गाडी हलवली. बघे पुन्हा जमले, या वेळी जरा गप्प होते. दोन फुटांवर पहार खणकन वाजली. मुकादमाने हाताने माती सारली आणि गंजलेलं झाकण उघडं पडलं. इंजिनिअर खड्ड्याच्या कडेला बसली होती, तिने वर बघितलं. काका न्हाव्याकडे बघत होते. न्हावी म्हणाला, “मी तिसरंच म्हणत होतो.”

वखारीचा दुपारी जेवणाआधी सापडला, शाळेचा जेवणानंतर. उरलेले दहा उद्यापासून टेपने काढायचे ठरलं. काकांनी जागा दाखवायच्या आणि त्या त्या जागेची गोष्ट सांगायची. चालायचं काम इंजिनिअरने स्वतःकडे घेतलं. जीपने घरी सोडते म्हणाली, तर काका नको म्हणाले. काकूंना बाजारातून अस्तराचं कापड घ्यायचं होतं.

ऊन उतरलं होतं. बाजारपेठेतून दोघं घराकडे निघाले. काका मधूनच आपल्या पायांकडे बघत होते.

“तुला कधी कळलं हे?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पाऊल आखडल्याचं.”

“झाली की दोन वर्षं. तुम्ही घरी बसलात त्याच सुमारास.”

“मग बोलली नाहीस ती?”

काकू थोडा वेळ पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

“लग्न झाल्यापासून मी रस्त्यात तुमच्या पाठीशी बोलत आले. तुम्ही पुढे ढांगा टाकत, मी चार पावलं मागे. एकदा याच बाजारात मी घरातलं सगळं गाऱ्हाणं सांगत गेले आणि बघते तर पुढे भलताच माणूस. बिचारा ‘हो हो’ म्हणत होता.” त्या हसल्या. “मग एक दिवस तुम्ही बाजूला दिसलात. वाटलं, माझ्यासाठी थांबलात. आठवड्याभराने लक्षात आलं की थांबत नाही, तुम्हाला तेवढंच चालवतंय. म्हटलं, कशाने का होईना, बरोबर चालायला मिळतंय. ते कशाला बोलून दाखवू?”

कापडाचं दुकान मागे राहिलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“आता कळलंय म्हणून उगाच लांब पावलं टाकायला जाऊ नका,” काकू म्हणाल्या.

“नाही टाकत,” काका म्हणाले.